हिणाचे ऋण

परिसा भागवताचा परीस नामदेवांनी चंद्रभागेत टाकून दिला, ही कथा आपल्याकडे वैराग्याची कथा म्हणून सांगितली जाते. परीस गेला म्हणून कासावीस झालेल्या परिसा भागवताला नामदेवांनी नदीतले ओंजळभर खडे काढून दाखवले आणि त्यांतला प्रत्येक खडा परीस निघाला, असा तिचा शेवट आहे. मला त्यातल्या वैराग्याइतकीच त्या खड्यांची ओढ वाटत आली आहे. नदीच्या तळाशी वाळूगोट्यांत मिसळून पडलेले, हाती आले तरी ओळखू न येणारे ते सामर्थ्य. अठराव्या शतकात आजच्या कोलंबियातील चोको प्रांताच्या नद्यांत असेच काहीसे खरोखर घडले. तिथल्या सोन्याच्या वाळूत एक राखाडी, जड, कोणत्याही भट्टीला न जुमानणारा धातू मिसळलेला सापडे. तो सोन्याहूनही जड, त्यामुळे लबाड हात त्याची सोन्यात भेसळ करीत. आणि म्हणूनच स्पॅनिश टांकसाळींचे अधिकारी वेगळा काढलेला तो धातू साक्षीदारांसमक्ष पुन्हा नदीत फेकून देत, असे इतिहासकार नोंदवतात. तो धातू प्लॅटिनम होता. सोन्याला बाटवणारे हीण म्हणून ज्याला जलसमाधी मिळाली, त्याच्या तोडीचा परीस निसर्गाने क्वचितच आपल्या हाती दिला असेल.

परीस हा शब्द मी सैलपणे वापरत नाही. १८२३ साली जर्मनीतल्या येना येथे योहान वोल्फगांग डोबेरायनर या रसायनशास्त्रज्ञाने प्लॅटिनमच्या सच्छिद्र तुकड्यावर हायड्रोजनचा झोत सोडला, आणि कोणी ज्योत न लावता तो तुकडा तापून लाल झाला व झोताने पेट घेतला. त्यातून त्याने तोटी फिरवताच आपोआप पेटणारा दिवा घडवला. काडेपेटी घरोघर पोचण्याआधीच्या त्या काळात तो युरोपातल्या कितीतरी घरांत गेला, आणि रसायनाच्या बाबतीत डोबेरायनरचा सल्ला घेणाऱ्या वृद्ध कवी गटेकडेही तो होता. पुढे १८३५ मध्ये स्वीडनच्या बर्झीलियसने अशा सगळ्या विखुरलेल्या नवलांना एका नावाखाली आणले. त्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पदार्थांना आज आपण उत्प्रेरक म्हणतो. स्वतः अविकृत राहून दुसऱ्यात विकार घडवणारे द्रव्य ही कल्पना परिसाच्या दृष्टान्तावर वाढलेल्या मनाला परकी वाटण्याचे कारणच नाही. लोखंडाचे सोने होते, परीस परीसच राहतो. सत्संगाचा महिमा सांगताना हा दृष्टान्त इतक्या मुखांनी सांगितला गेला आहे की, श्रेष्ठत्व नेहमी एकाच दिशेने वाहते, बावनकशी जे आहे ते हिणकसाला उजळते, हे आपण कधी तपासूनही पाहिलेले नाही. गेल्या काही दशकांत काही अब्जांश मीटरच्या विश्वातून या समजुतीला जो छेद गेला, तो माझ्या मनातून जात नाही.

त्या विश्वाचे दार एका वकिलाने उघडले. विल्यम ग्रोव्ह पुढे न्यायाधीश झाला. पण १८३९ ते १८४२ या काळात तो सौम्य गंधकाम्लात उभ्या केलेल्या काचेच्या नळ्यांत रमला होता. विजेने पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतात हे तेव्हा ठाऊक होते. ग्रोव्हला ओढ लागली ती परतीच्या वाटेची. एका नळीत हायड्रोजन, दुसरीत ऑक्सिजन, दोन्हींत प्लॅटिनमच्या पट्ट्या, आणि त्या जोडणाऱ्या तारेतून वाहणारी वीज. अशा पुष्कळ जोड्या एकापुढे एक लावून त्याने मिळालेल्या विजेने निराळ्या पात्रातले पाणी फोडून दाखवले. एकीकडे पाणी जुळत होते आणि त्या जुळण्याच्याच बळावर दुसरीकडे पाणी विलग होत होते. विज्ञानाच्या इतिहासात इतका सुडौल प्रयोग मला फार थोड्या ठिकाणी भेटला आहे. पुढे चंद्राकडे निघालेल्या अपोलो यानांतले अंतराळवीर, ग्रोव्हच्या त्या जोड्यांचे वारस असलेल्या आपल्याच इंधनघटांत जन्मलेले पाणी प्यायले. आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात केपीआयटी आणि सीएसआयआर यांनी मिळून विकसित केलेली हायड्रोजनवर धावणारी बस लोकांपुढे आली, तेव्हा तिच्या पोटातही मूळ व्यवहार ग्रोव्हच्या नळ्यांतलाच होता.

अडते ते ऑक्सिजनपाशी. हायड्रोजन प्लॅटिनमवर टेकताच सहज उलगडतो. ऑक्सिजनच्या रेणूतले दोन अणू मात्र दुहेरी बंधाने एकमेकांना धरून असतात, त्यांना सोडवायचे, चार इलेक्ट्रॉन आणि चार प्रोटॉन त्यांच्यापर्यंत पोचवायचे आणि शेवटी पाण्याचे दोन रेणू करून त्यांची पाठवणी करायची, हे सगळे एकाच पृष्ठभागाने करायचे असते. सिद्धान्त सांगतो, या घटाने १.२३ व्होल्ट द्यावेत. प्रत्यक्षात त्यांतले तीन-चार दशांश व्होल्ट या एकाच पायरीवर खर्ची पडतात. का पडतात, याचे बीज फ्रान्समधल्या तुलूझ येथे काम करणाऱ्या पॉल साबात्येच्या विचारात सापडते. साबात्येला १९१२ साली नोबेल मिळाले ते निकेलसारख्या धातूच्या बारीक भुकटीवर सेंद्रिय संयुगांना हायड्रोजन जोडण्यासाठी. आपल्या स्वयंपाकघरांत एकेकाळी मानाने बसलेला वनस्पती तुपाचा डबा त्याच प्रक्रियेचा वंशज. त्याने पाहिले ते असे की, उत्प्रेरकाचा पृष्ठभाग येणाऱ्या रेणूशी तात्पुरता बंध करतो. बंध फार दुबळा, तर रेणू थांबतच नाही. फार घट्ट, तर रेणू निघतच नाही आणि पुढच्याला जागा उरत नाही. बंधाचे बळ आडव्या अक्षावर आणि उत्प्रेरकाचा वेग उभ्या अक्षावर मांडला, तर धातू एका डोंगराच्या दोन उतारांवर जाऊन बसतात. या आलेखाला रसायनशास्त्रज्ञ ज्वालामुखी म्हणतात. सोने एका उतारावर, उदासीन. प्लॅटिनम दुसऱ्या उतारावर, शिखराच्या अगदी जवळ, पण शिखरावर नाही.

इथे मला पुन्हा गटे आठवतो. १८०९ च्या एका कादंबरीत त्याने माणसांच्या ओढी रसायनातल्या आकर्षणाच्या नियमांवर ठेवून पाहिल्या होत्या. नवे माणूस घरात येते, जुने बंध सुटतात, नवे जुळतात, आणि घर उद्ध्वस्त होते. त्या काळच्या रसायनाला ओढ कळत होती, तिची मोजदाद करण्याची उमेदही त्याच्यात होती. पण जवळ घेऊन वेळेवर निरोप देणे ही स्वतंत्र शक्ती आहे, तिलाही मोजमाप आहे, हे कळायला आणखी शंभर वर्षे जावी लागली. २००४ साली डेन्मार्कमध्ये येन्स नोर्स्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मोजमाप गणिताने हाती आणले. प्लॅटिनम ऑक्सिजनला जेवढे धरते त्याहून सुमारे ०.२ इलेक्ट्रॉनव्होल्टने सैल धरणारा पृष्ठभाग मिळाला, तर तो शिखरावर असेल. उदात्त धातूंतही अग्रगण्य असलेल्या प्लॅटिनममध्ये उणीव होती ती एवढीच, की त्याची मिठी किंचित घट्ट होती.

ती सैल कशी करायची? प्लॅटिनम अधिक शुद्ध करून काही साधणार नव्हते. शुद्धतेच्या टोकाला तर ते आधीच उभे होते. उत्तर मिळाले निकेल, कोबाल्ट, तांबे या खालच्या पंक्तीच्या धातूंकडून. निकेलचा अणू प्लॅटिनमच्या अणूपेक्षा लहान. दोघे एका जाळीत गुंफले की जाळीचे अंतर आकसते आणि वरच्या थरातल्या प्लॅटिनमच्या अणूंना एकमेकांच्या थोडे जवळ सरकावे लागते. हे सरकणे, जाळीतला हा ताण, जेमतेम दोनेक टक्क्यांचा असतो. पण तेवढ्याने पृष्ठावरच्या इलेक्ट्रॉनांच्या पातळ्या खाली उतरतात आणि ऑक्सिजनभोवतीची मिठी सैलावते. शिकागोजवळच्या अर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या व्होजिस्लाव स्टामेन्कोविच, नेनाद मार्कोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये तीन भाग प्लॅटिनम आणि एक भाग निकेल अशा मिश्रधातूचा एकसंध स्फटिक घेऊन त्याच्या सर्वांत दाट पृष्ठाची परीक्षा केली. त्याचा वेग तशाच कापलेल्या शुद्ध प्लॅटिनमच्या दहापट भरला. आणि या पृष्ठाची रचना पाहावी: सर्वांत वरचा थर निखळ प्लॅटिनमचा, त्याच्या लगेच खालच्या थरात निम्म्याहून अधिक निकेल. वरून निरखणाऱ्याला निकेलचा एक अणूही दिसणार नाही. तो खाली राहून वरच्याचे वागणे बदलतो. लोखंडाच्या जातीतल्या धातूच्या सान्निध्याने परीसच सुधारावा, ही शक्यता आपल्या दृष्टान्तकारांना सुचली असती, तर सत्संगाची दिशा त्यांनी कदाचित दुहेरी ठेवली असती.

हे वाचत असताना मला आपल्याच माणसांच्या एका व्यवसायाची आठवण होत राहिली. सांगली जिल्ह्यातला विटा-खानापूर-आटपाडीचा दुष्काळी पट्टा सोडून पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडलेले गलाईवाले आज देशातल्या कितीतरी शहरांच्या सराफ बाजारांत सोने-चांदी गाळण्याचे काम करतात. दक्षिणेतल्या एका शहरात, अरुंद जिन्यावरच्या अशाच एका खोलीत, मी तासभर बसलो होतो. भट्टीसमोरचे गृहस्थ साठीचे, बोली अजून माणदेशी. मी विचारले, दागिन्यातले तांबे काढायचे तर सोने सरळ तेजाबात का टाकत नाही? ते म्हणाले, “न्हाई जमत पाव्हणं. वरवरचं तेवढं जातं, आतलं आतच ऱ्हातं. आदी चांदी घालायची, भरपूर घालायची, मग तेजाब आतपतुर जातं.” सोन्याच्या तिप्पट चांदी घालून त्यांनी ते मुशीत एकजीव केले, पाण्यात ओतून त्याचे मणी पाडले आणि ते मणी तेजाबात सोडले. तांबूस धूर उठला, तो ओसरायला बराच वेळ लागला. मग भांडे निथळून त्यांनी तळाशी उरलेले माझ्यासमोर धरले. वाळलेल्या चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी, निस्तेज, बोटाने चुरावा असा तो गाळ म्हणजे चोख सोने होते. चमक नाही, पिवळेपणा नाही. फक्त भांडे हातात घेतल्यावर मनगटाला जाणवणारे वजन. निथळून काढलेल्या द्रावणात तांब्याची पट्टी सोडली की चांदी परत येते, ती पुढच्या खेपेला. आणि हा चोथा टाकणखार घालून वितळवला की पिवळा रंग उगवतो.

अशुद्ध सोने शुद्ध करायचे तर आधी ते अधिक अशुद्ध करावे लागते, हे या गृहस्थांच्या बोटांना कोणत्या शतकापासून ठाऊक आहे, कोण जाणे. त्या तपकिरी रंगाचे रहस्य मात्र अलीकडचे. २००१ मध्ये जोना अर्लबाखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, आम्ल चांदीचे अणू काढून नेऊ लागले की मागे राहिलेले सोन्याचे अणू स्वस्थ बसत नाहीत. पृष्ठावरून भटकत ते एकत्र येतात, बेटे करतात, त्यामुळे आतली नवी चांदी उघडी पडते, आणि पाहता पाहता साऱ्या धातूत काही नॅनोमीटर रुंदीच्या नळ्या-गल्ल्यांचे जाळे पसरते. एवढ्या बारीक रचनेत प्रकाशाचा सोनेरी परतावा हरवतो. सोन्याचे जुने वैराग्यही इथे हरवते. सुटे सोने काही नॅनोमीटरपर्यंत बारीक केले तर ते कमालीचे चपळ होते, हे जपानमध्ये मासातके हारुता यांनी १९८७ च्या सुमारास दाखवलेच होते. या सच्छिद्र सोन्यालाही उत्प्रेरक होता येते. पण त्याची चपळाई पुष्कळशी टिकते ती आत कुठेतरी उरलेल्या थोडक्या चांदीमुळे, असे आता अनेक संशोधक मानतात. कितीही वेळ आम्लात ठेवले तरी ती सगळी जात नाही. ऑक्सिजनला जवळ करण्याचे काम ती करते, आणि नाव सोन्याचे होते.

ही विद्या सराफ बाजारांपुरती नव्हती, युरोपपुरती तर नाहीच. स्पॅनिश येण्याच्या कितीतरी आधी अँडीजच्या प्रदेशातले सोनार सोने आणि तांब्याच्या मिश्रधातूची वस्तू घडवीत, ती तापवून पृष्ठावरच्या तांब्याचा काळा पापुद्रा आम्लधर्मी रसांनी धुऊन काढीत, पुन्हा तापवीत, पुन्हा धूत. हळूहळू वरच्या थरातले तांबे निघून जाई आणि सोन्याची त्वचा उरे. जिंकणाऱ्यांना ही फसवणूक वाटली. हेदर लेख्टमन या संशोधिकेने या कारागिरीकडे वेगळ्या नजरेने पाहिले: त्या सोनारांच्या लेखी वस्तूचे बाह्य रूप तिच्या अंतरंगातून वर यायला हवे होते, सोने आतच असायला हवे होते, बाहेरून चढवलेले नव्हे. आणि तिथल्याच किनाऱ्यावर, इक्वाडोरच्या ला तोलिता भागात, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी प्लॅटिनमशी जमवून घेतले होते. त्यांच्या भट्टीला १७६८ अंश सेल्सिअसवर वितळणारे प्लॅटिनम वितळवणे अशक्य. सोने १०६४ अंशांवर वितळते. म्हणून त्यांनी प्लॅटिनमचे दाणे सोन्याच्या कणांत मिसळले, सोने वितळून दाण्यांना बिलगले, मग ठोकणे, तापवणे, पुन्हा ठोकणे, असे करता करता दोन्ही एकमेकांत झिरपले आणि नथीएवढ्या लहान वस्तू घडल्या. ज्या धातूला नंतरच्या साम्राज्याने भेसळ म्हणून नदीत टाकले, त्याला या अनाम हातांनी आधीच मौल्यवान मिश्रधातूत बसवले होते.

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मला या हातांचे वंशज भेटले असे म्हणावेसे वाटते. तीन मानांचा काचेचा चंबू, त्यात तेलकट द्रावकात विरघळलेली प्लॅटिनम आणि निकेलची संयुगे, वरून आर्गॉनचा मंद प्रवाह, खाली तापमान दोनशे अंशांच्या वर चढत चाललेले. तिथल्या तरुण संशोधिकेने सांगितले की प्लॅटिनमला धातुरूपात यायची घाई असते, निकेल मागे रेंगाळतो. दोघांना एकाच कणात, हव्या त्या क्रमाने आणायचे तर तापमान किती वेगाने चढते यावर नजर ठेवावी लागते. हिरवट-पिवळे द्रावण एकाएकी गडद झाले, मग काळे, आणि ती बोलता बोलता थांबून फक्त पाहत राहिली. पुढे त्या काळ्या कणांची शाई करून तिचा एक थेंब काचेसारख्या कार्बनच्या चकतीवर ठेवायचा असतो. थेंब स्थिर ठेवून वाळवला तर कण कडेला जाऊन कडे तयार होते आणि मोजणी खोटी पडते; म्हणून ती चकती हळूहळू फिरवतच थेंब वाळू देत होती. अणूंच्या पातळ्यांचे गणित संगणकावर मांडणाऱ्या या शास्त्राची भिस्त शेवटी एक थेंब सारखा पसरतो की नाही यावर असते, हे पाहून मला कारागिरीविषयी फार मोठा आधार वाटला.

तिने सूक्ष्मदर्शकातले एक चित्रही दाखवले. काळ्या पार्श्वभूमीवर शुभ्र ठिपक्यांच्या ओळी. प्रत्येक ठिपका म्हणजे अणूंचा एक स्तंभ, जड अणूंचा ठिपका अधिक उजळ. तीन नॅनोमीटर व्यासाच्या प्लॅटिनमच्या कणात सुमारे नऊशे अणू मावतात आणि त्यांतले तिसऱ्या हिश्श्याहून अधिक पृष्ठावर असतात. इतक्या कमी अणूंच्या समाजात कोण कुठे उभा आहे याला महत्त्व येते. कोपऱ्यावरचा अणू, कडेवरचा, सपाट भागावरचा, प्रत्येकाचा स्वभाव निराळा. २०१४ मध्ये बर्कली आणि अर्गोनच्या संशोधकांनी एक भाग प्लॅटिनम आणि तीन भाग निकेल असलेले बारा पृष्ठांचे कण घडवले आणि ते द्रावकात हवेच्या सान्निध्यात सुमारे दोन आठवडे ठेवले. निकेल आतून झिजून गेला आणि मागे उरली ती फक्त चोवीस कडांची पोकळ चौकट, त्यात आता प्लॅटिनम तीन भाग आणि निकेल एक. बाहेरून आणि आतून, दोन्हींकडून रेणूंना वावरायला मोकळी. जो गेला त्याने पोकळी दिली आणि जो थोडासा राहिला त्याने ताण दिला. गलाईवाल्यांच्या भांड्यात मी जे पाहिले होते, त्याहून हे मुळात वेगळे नाही.

मूळ काय आणि मिश्र काय, हा प्रश्न या धातूंच्या इतिहासाला पहिल्यापासून चिकटलेला आहे. १८०३ मध्ये लंडनच्या सोहो भागातल्या एका दुकानात पॅलेडियम नावाचा नवा धातू विक्रीला आला. सोबत एक निनावी पत्रक, शोधकाचे नाव नाही. रिचर्ड चेनेविक्स या रसायनशास्त्रज्ञाने तो विकत घेतला, तपासला आणि जाहीर केले की हे मूलद्रव्य नाही, प्लॅटिनम आणि पारा यांचा मिश्रधातू आहे. त्यावर निनावी विक्रेत्याने, कुणी असा धातू कृत्रिमरीत्या करून दाखवला तर त्याला वीस पौंडांचे बक्षीस जाहीर केले. कोणी पुढे आले नाही. १८०५ मध्ये विल्यम वुलस्टनने कबूल केले की तो विक्रेता आपणच. चेनेविक्स चुकला, हे खरे. तरीही २०१३ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी प्लॅटिनम आणि पाऱ्याचाच मिश्रधातू घेऊन ऑक्सिजनपासून विजेच्या साह्याने हायड्रोजन पेरॉक्साइड करण्यासाठी तो फार उत्तम उत्प्रेरक असल्याचे दाखवले, तेव्हा मला त्या बिचाऱ्या चेनेविक्सची आठवण आली. पाऱ्याचे अणू प्लॅटिनमच्या अणूंना एकमेकांपासून दूर ठेवतात, त्यामुळे ऑक्सिजनचे दोन अणू तुटत नाहीत, आणि पाण्याऐवजी पेरॉक्साइड तयार होते. एकाच प्लॅटिनमला शेजारी निकेल असला तर ते एक काम करते, पारा असला तर दुसरे. मग काम नेमके कोणाचे? २०१८ मध्ये तर मेरीलँड विद्यापीठाच्या गटाने आठ धातू एका कणात कोंबले: सुमारे २००० केल्व्हिन तापमानाचा ५५ सहस्रांश सेकंदांचा झटका आणि लगेच थंडावा, की त्यांना वेगळे व्हायला सवडच मिळू नये. तिथे श्रेयाची वाटणी करणे जवळजवळ अशक्य होऊन बसते.

आणि बर्झीलियसच्या काळापासून चालत आलेली ती अविकृततेची कल्पना? ती कागदावर टिकते, यंत्रात टिकत नाही. घट चालू-बंद होताना लहान कण विरघळतात, त्यांतून सुटलेले अणू मोठ्या कणांवर जाऊन बसतात. लहान नाहीसे होतात, मोठे फुगतात. विल्हेल्म ओस्टवाल्डने ही घटना एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीच ओळखली होती. निकेल तर आम्लातून झिरपतच राहतो आणि त्याच्याबरोबर तो मौल्यवान ताणही ओसरतो. प्रयोगशाळेतल्या चकतीवर दहापट दिसलेला वेग गाडीच्या घटात पोचेपर्यंत कितीतरी घटतो. या क्षेत्रात काम करणाऱ्यांची खरी तपश्चर्या तिथे चालते, आणि मला ती नव्या विक्रमांपेक्षा अधिक आदरणीय वाटते. उत्प्रेरक म्हातारा होतो. त्याला वय आहे, झीज आहे, स्मृतिभ्रंश म्हणावा अशी अवस्थाही आहे, ज्यात त्याची जाळी पूर्वीचा ताण विसरते.

उत्प्रेरकाच्या हजारो तासांच्या आयुष्यामागे किती काळ उभा आहे? १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाच्या गुरुत्वीय लहरी पृथ्वीवर टिपल्या गेल्या आणि पाठोपाठ आलेल्या प्रकाशात जड मूलद्रव्ये घडत असल्याच्या खुणा दिसल्या. सोने आणि प्लॅटिनम यांचा जन्म अशा मीलनांत होतो असे मानले जाते. त्या लहरी ऐकणारी भारतातली वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायची आहे, जिथे नामदेवांना त्यांचे गुरू विसोबा खेचर भेटले असे सांगतात. पृथ्वीवरचे प्लॅटिनम मोठ्या प्रमाणात दक्षिण आफ्रिकेच्या बुशवेल्ड प्रदेशात, सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी थिजलेल्या शिलारसाच्या पातळ थरांत आहे. हान्स मेरेन्स्कीने १९२४ मध्ये त्यांतला एक थर शोधला. एक टन खडक फोडावा तेव्हा काही ग्रॅम धातू हाती येतो. तो फोडणाऱ्या कामगारांनी वेतनवाढीसाठी संप केला, आणि १६ ऑगस्ट २०१२ रोजी मारिकाना येथे पोलिसांच्या गोळीबारात त्यांतले ३४ जण ठार झाले. स्वच्छ ऊर्जेविषयी बोलताना मला हा आकडा बाजूला ठेवता येत नाही. प्लॅटिनमचा एकेक अणू वाचवण्याची ही सारी खटपट, निकेल मिसळणे, पोकळ चौकटी घडवणे, न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत रादोस्लाव आद्झिच यांनी केले तसे पॅलेडियमच्या गाभ्यावर प्लॅटिनमचा एकच अणूभर जाड थर चढवणे, हे मला किमतीच्या हिशेबाच्या पलीकडचे वाटते. त्या प्रत्येक ग्रॅममागे खडकात उतरलेला माणूस आहे.

म्हणूनच वापरून झालेल्या घटांकडे माझे लक्ष अधिक जाते. सोनारांच्या दुकानांतली झाडलोट, भट्टीतली राख, गटाराच्या तोंडचा गाळ विकत घेऊन, धुऊन, त्यातला सोन्याचा कण वेगळा करणारे झारेकरी आपल्या गावांत पूर्वीपासून होते. सोनार ज्याला केर म्हणे, त्यात त्यांचा संसार चाले. इंधनघटांचा केर याहून अवघड आहे. प्लॅटिनम आणि कोबाल्टचे कण कार्बनवर बसलेले, कार्बन फ्लोरीनयुक्त पापुद्र्याला चिकटलेला. सरळ जाळावे तर हायड्रोजन फ्लोराइडचा घातक धूर निघतो, आम्लात घालावे तर पापुद्रा वाट अडवतो. आधी पापुद्रा अल्कोहोलयुक्त द्रावकात सोडवून घ्यायचा, मग धातू विरघळवायचा, मग कोबाल्ट एका भांड्यात आणि प्लॅटिनम दुसऱ्यात काढायचे, अशा रीती आता बसवल्या जात आहेत. रस्त्यांवर हायड्रोजनच्या गाड्या वाढतील तसा हा केरही वाढेल, आणि हे काम कोणाच्या तरी हातांना शिकावे लागेल. विटा-खानापूरकरांच्या त्या खोल्यांत तेजाब किती वेळ ठेवायचे आणि भांडे कधी निथळायचे हे जाणणारी माणसे आजही बसलेली आहेत. त्यांना या नव्या धातूपर्यंत नेणारी, हवेशीर आणि सुरक्षित जागा देणारी एखादी शाळा आपल्याकडे अजून सुरू झालेली माझ्या पाहण्यात नाही.